नेलिदाचे अकरा सेकंद

नदीची फाइल उघडायची म्हणजे
नेलिदा एचेगोयेनला सात दारं ओलांडावी लागत.

पहिलं ‘कचेरी’. मग ‘जुने’.
‘जुने’च्या आत ‘जुने (खरे)’. त्याच्या आत ‘नदी’.
नदीत ‘एलिसेओ – हात लावू नये’
(एलिसेओ निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
मधमाश्या पाळतो; अजून कुणी हात लावत नाही).
त्याच्या पोटात ‘नवीन फोल्डर’, ज्याचं नवेपण कधीच विटलं,
आणि तळाशी, विहिरीतल्या कासवासारखी,
‘पातळी_शेवटची_ही_खरी_शेवटची’.

साल्तोच्या बंदर-कचेरीत
दिवसातून चौदा वेळा हा द्राविडी प्राणायाम.
उरुग्वाय नदी किती मीटर, वर किती सेंटिमीटर,
आकडा टाका, जतन करा, बंद करा,
फोन वाजला की पुन्हा पहिल्या दारापासून.

रिव्हेराहून बदलून आलेल्या वाल्दिरने
तिच्या खांद्यावरून हे एकदा पाहिलं,
दुसऱ्यांदा पाहिलं,
तिसऱ्यांदा त्यालाच दम लागला.
“दोन्या नेलिदा, जरा उठता का?”

उजवं बटण. दोन-तीन टिचक्या.
पडद्यावर कागदाचं एक चित्र उगवलं,
डाव्या कोपऱ्यात वळलेला इवलासा बाण.
“ही फाइल नव्हे,” तो म्हणाला,
“फाइलकडे दाखवलेलं बोट आहे.
पुसलंत तरी नदी जागच्या जागी.”
शिवाय कंट्रोल, आल्ट आणि आर,
तीन बोटांची चिमूट शिकवली,
घाईत नदीला हाक मारायला.

तिने भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं.
अकरा सेकंद वाचले.
चौदा वेळा अकरा, पावतीच्या पाठीवर गुणून,
अडीच मिनिटं, वर चार सेकंद.
“एवढ्याचं करायचं काय असतं?”
वाल्दिरला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आधी काही दिवस तिला चोरी केल्यासारखं वाटे.
मग एकदा खुर्चीच खिडकीकडे वळवली
आणि येर्बाचा कडू घोट घेत बसली.
बावीस वर्षं नदीचे आकडे लिहिणाऱ्या बाईला
माहीत नव्हतं
की संध्याकाळी पाणी आधी मधोमध काळं पडतं,
काठ मागाहून.

ऑक्टोबरात पाणी चढलं.
कचेरी वरच्या मजल्यावर गेली, कॉम्प्युटरं खांद्यांवरून,
सगळा मजकूर घाईघाईने दुसऱ्या डब्यात ओतला.
बाण होता तिथेच होता, त्याच ऐटीत.
दाबला, तर पाटी आली:
वस्तू सापडत नाही.
बोट होतं. समोर काही नव्हतं.
तीन बोटांची चिमूटही रिकामीच मिटली.
खाली धक्क्यावरून फोनवर फोन,
किती झालं? किती झालं?
आणि वाल्दिर घामाघूम,
कारण आडवाट काढणाऱ्याला
मूळ वाट पाठ नव्हती.

“सरक,” नेलिदा म्हणाली.
कचेरी. जुने. जुने (खरे).
नदी. एलिसेओला हात लावला.
आत ‘नवीन फोल्डर’ चार निघाले, ओतताना पिल्लं झालेली;
तिने तिसरा उघडला.
का तिसरा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाणी ओसरल्यावर जो तो तिला म्हणे,
बघा, शेवटी जुनी वाटच कामी येते.
नेलिदाला याचा कंटाळा आला.
“पाठ आहे म्हणून रोज चालायची का?
घरी जायला मी वेशीला वळसा घालत नाही.
वाल्दिर, बाण लाव पुन्हा.”

त्याने लावला. तिने खुर्ची वळवली.
गढूळ पाण्यावरून जलपर्णीचं एक बेट चाललं होतं,
त्यावर बगळा, उभा,
तिकीट काढून बसल्यासारखा निर्धास्त.
बेट पुलाआड जायला
दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली.
सहा सेकंद तिने पदरचे घातले.